बाबांच्या टेपमधली खरखर

३ मार्च
आई रोज दुपारी दादाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट लावते. बाबा गेल्यावर त्यांचा आवाज तेवढाच उरलाय. एकच वाक्य. चित्रावर पांढऱ्या रेघा, आवाजात खरखर. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली असताना घरात हे चालणं बरं दिसत नाही. आई म्हणाली, मला दिसतंय, ऐकू येतंय, तू हात लावू नकोस. तिला चांगल्याची सवयच नाही.

५ मार्च
व्हीसीआर उघडला. हेड स्पिरिटने पुसला, ट्रॅकिंग जुळवलं. रेघा गेल्या. दादा म्हणाला, अभिनंदन इंजिनीअरबाई, लग्नातच माझं टक्कल पडत होतं हे आता सासरच्यांनाही दिसेल. म्हणजे आवडलं.

९ मार्च
आता आवाज. टेपची कॉपी काढली की चित्राचा दर्जा उतरतो, म्हणून कॉपी नाही. नुसता आवाज ऑडिओ कॅसेटवर घेतला, तोही मी बनवलेल्या सर्किटमधून. ठरावीक पातळीखालचं सगळं हे सर्किट बंद करतं. खरखर हळू असते, माणसं मोठ्याने बोलतात. साधा हिशेब. दादाने विचारलं, कॅसेट ऐकून पाहिलीस का? मी म्हटलं, आवाजाचा मीटर पाहिला. कान फसवतात.

१० मार्च
साफ आवाज मूळ टेपवर भरला. त्यात जुना पुसला जातो. आईला सांगितलं नाही, उगाच घाबरते.

११ मार्च, दुपार
खरखर शून्य. आत्या कॅमेऱ्याला खेटून उभी होती. 'पंखा लावा रे कोणीतरी' हे तिचं वाक्य समोर बसून बोलल्यासारखं येतं. बाबा पलीकडे, दाराशी. मुळात हळू बोलणारे. सर्किटने त्यांचं वाक्यही खरखरीत धरून बंद केलं. सर्किटचं बरोबर आहे.
आई म्हणाली, त्यांचं परत घाल. तसं करता येत नाही, हे मी शांतपणे समजावलं. ती म्हणाली, आत्या बरी ठेवलीस गं. दादा उठून गेला. एक वाक्य सोडलं तर निकाल उत्तम.

१४ मार्च
आई टेप लावतेच. बाबांचे ओठ हलले की स्वतःच म्हणते, "अगं, तू जेवलीस का?" ओठ इतके स्पष्ट दिसतात ते कोणामुळे, हे कोणी बोलत नाही. तिचं वाक्य ओठांच्या जरा मागे पडतं. तसं सांगितलं. तिने मला खोलीबाहेर काढून कडी लावली.
वाक्य बाहेर ऐकू येतं. ओठ दिसत नाहीत, त्यामुळे सुधारणा झाली का, ते कळत नाही.