मांजरीच्या काखेतली गाठ

आबा, काल मी माझ्या मुलीची मांजर घेऊन दवाखान्यात गेले होते. आपल्या सुरतच्या गोडादऱ्यात आता जनावरांचेसुद्धा काचेच्या दाराचे दवाखाने झालेत. आत थंडगार हवा, भिंतीवर कुत्र्यामांजरांचे फोटो. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, 'पेशंटचं नाव?' आणि मी माझंच नाव सांगून मोकळी झाले. ती हसली, मीही हसले. मांजरीचे केस विंचरताना मुलीच्या हाताला तिच्या पोटाशी गाठ लागली होती. डॉक्टरीणबाईंनी बारीक सुई घालून काहीतरी काढून घेतलं, तपासायला पाठवलं आणि म्हणाल्या, घाबरू नका. मी घाबरले नव्हते, नुसती दमले होते. सकाळपासून उभीच होते, त्यात ती पिंजऱ्यातली मांजर, रिक्षा, मुलीचं रडं. घरी आले तर खरकटी भांडी तशीच पडलेली. ती तशीच राहू दिली आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. बसल्या बसल्या तुम्हीच समोर आलात, खांद्यावर तो निळा रुमाल, आणि कानात कापसाचे बोळे घालून.

लिंबायतची आपली ती रूम आता राहिली नाही, तिथे तीन मजले चढलेत. पण मला ती अजून दिसते. दहा रूमांची रांग, पुढे लांब ओटा, शेवटी एकच नळ. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरचा तो हिवाळा होता. गणपतीनंतर सगळं सुरत पळालं होतं आणि दिवाळीनंतर हळूहळू परत येत होतं. गटाराच्या कडेने पांढरी पावडर, रोज येणारे झाडूवाले, कुणी खोकलं की अख्ख्या ओट्याने वळून पाहायचं. निम्म्या रूमांना अजून कुलपं होती. कापड विणायचे लूम मात्र सुरू झाले होते. तुम्ही संध्याकाळी जायचात, सकाळी यायचात, आणि मी शाळेतून येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून झोपलेले असायचात. मी नववीत होते. साडीवर टिकल्या चिकटवायचं काम माय घरी आणायची आणि मी तिच्या शेजारी बसून ते करायची. तुमची पाठ मला तुमच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीची होती.

आपली मांजर म्हातारी होत चाललेली, राखाडी, एका कानाचा तुकडा गेलेला. किती बाळंतपणं केली तिने आपल्या खाटेखाली, मोजली नाहीत कुणी. त्या दुपारी ती माझ्या मांडीवर येऊन आडवी झाली आणि माझा हात तिच्या पुढच्या पायाखाली गेला. काखेत, कातडीच्या आत, लिंबाच्या बीसारखं नाही, अख्ख्या बोराएवढं काहीतरी टणक लागलं. मी मायला हाक मारली. मायने बोटांनी चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला. प्लेगची गाठ काखेत नाहीतर जांघेत येते हे तेव्हा पोरांनाही ठाऊक होतं. उंदीर, मांजर, काख, गाठ. त्या दिवसांत हे शब्द एका दमात कुणी उच्चारत नव्हतं. माय हळूच म्हणाली, 'कोनले सांगू नको. आबा उठतीन तवय पाहू.'

पण शेजारच्या काकू नळावरून येत होत्या. ते यवतमाळकडचे, काका बांधकामावर जायचे, घरात तान्हं मूल आणि आणखी दोन लहान. काकूंनी दारातूनच पाहिलं की आम्ही दोघी मांजरीला उताणी करून काय चाचपतोय. त्या ओरडल्या नाहीत. कळशी खाली ठेवली, पोरांना आत घेतलं आणि दार लावून घेतलं. मग बाकीची दारं लागत गेली. संध्याकाळी तुम्ही कामावर निघालात तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं, फक्त रूममालक उभे होते, तोंडाला रुमाल धरून. 'आ बिलाडी काले सवारे अहीं न जोईए,' ते म्हणाले. ही मांजर उद्या सकाळी इथे दिसता कामा नये. काकू खिडकीतून बोलल्या, 'भाऊ, राग नका मानू. माह्या घरात तान्हं लेकरू हाय.' मायला वाटलं तुम्ही भांडाल. तुम्ही कानातला बोळा काढला, दोघांचं ऐकून घेतलं, एवढंच म्हणालात, 'सकायले दवाखानामा लई जास,' सकाळी मीच नेतो म्हणून, आणि गेलात. त्या रात्री माय मांजरीला खोक्यात घालून उशाशी घेऊन बसली. पोत्यात घालून खाडीत टाकतील अशी तिला भीती होती.

सकाळी तुम्ही आलात, केसांत, पापण्यांवर कापूस. चहा घेतला, झोपला नाहीत. दोऱ्याच्या कोनचं मोठं खोकं होतं, त्याला वरून भोकं पाडलीत, आत मायचं जुनं पातळ घातलंत. मला म्हणालात, 'बठ मांगे. खोकं नीट धर.' शाळा बुडणार होती, मी दप्तर खुंटीलाच राहू दिलं. सायकलच्या कॅरियरवर मी, माझ्या मांडीवर खोकं, खोक्यात ती एकसारखी ओरडतेय. आधी आपण स्टेशनकडच्या एका डॉक्टरकडे गेलो. तिथे मोठ्या घरचे कुत्रे यायचे. दारातल्या माणसाने विचारलं काय झालंय. तुम्ही खरं सांगितलंत, काखेत गाठ आहे. कुठून आलात? लिंबायत. तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, डॉक्टरसाहेब आज नाहीत. आतून डॉक्टरसाहेबांचा बोलण्याचा आवाज येत होता. तुम्ही तो ऐकलात की नाही, मला आजही ठाऊक नाही. लूमच्या खडखडाटाने तुमचे कान तेव्हाच अर्धे गेले होते. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि सायकल वळवलीत.

रस्त्यात एक दूधवाला भेटला, म्हशींचा गोठा असलेला. त्याने सांगितलं, आमच्या जनावरांना कामरेजचा डॉक्टर बघतो, तो कुणाला नाही म्हणत नाही. कामरेज, शहराबाहेर पंधरा-वीस किलोमीटर! रात्रभर चार लूम सांभाळून आलेला माणूस, मागे पोर, पोरीच्या मांडीवर मांजर, आणि समोर हायवे. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे. चढ आला की तुम्ही उतरायचात आणि सायकल हाताने ढकलायचात, मला मात्र उतरू द्यायचा नाहीत. खोकं हलेल म्हणून. उसाच्या शेताशी एका ठिकाणी आपण थांबलो. मायने दिलेली भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. मांजरीला तुम्ही पाणी दाखवलंत, तिने तोंड फिरवलं. मी रागात होते. मी म्हटलं, 'आबा, काकू किती वाईट आहेत. एरवी मायकडून हळद-मीठ मागून नेतात.' तुम्ही अहिराणीत बोलायचात आणि मी शाळेतल्या मराठीत उत्तर द्यायची, ते तसंच चालायचं आपलं.

तेव्हा तुम्ही ते सांगितलंत. 'तुम्ही गावले गयात ना, मांगे माले ताप उना.' मला पहिल्यांदा कळलंच नाही. प्लेगच्या वेळी तुम्ही आम्हाला भुसावळच्या गाडीत बसवलं होतंत. मला खिडकीतून आत ढकललंत, मायला दारातून रेटलंत, आणि गाडी हलली तेव्हा तुम्ही खालीच होतात. आम्ही गावाला पोचलो, तिथे गावकऱ्यांनी आम्हाला शाळेत वेगळं ठेवलं, मला वाटलं हाल फक्त आमचेच झाले. इकडे तुम्हाला थंडी वाजून ताप भरला होता. तुम्ही आतून कडी घातलीत. कुणाला कळलं तर उचलून नेतील, नेलं तर परत येऊ की नाही, हेच डोक्यात. रोज आपल्याच काखा चाचपून पाहत होतात, जांघा चाचपून पाहत होतात. मांजर तेवढी खिडकीच्या तुटक्या जाळीतून आत यायची आणि पायांशी झोपायची. तुम्ही तिला हाकलायचात, न जाणो तिला लागण होईल म्हणून. ती पुन्हा यायची. आणि रोज सकाळी दाराबाहेर भांडं ठेवल्याचा आवाज व्हायचा. कडी काढून पाहिलं की तांदळाची पेज, वर ताटली झाकलेली. काकू पेज ठेवून पळून जायच्या. तेव्हा त्या पोटुशी होत्या, त्यांच्या घरच्यांना गाडीत जागाच मिळाली नव्हती. साधा हिवताप निघाला असावा, पाचसहा दिवसांनी उतरला. तुम्ही मायलासुद्धा हे सांगितलं नव्हतं. 'ती भ्याली शे,' तुम्ही काकूंबद्दल म्हणालात. 'भ्यायेल मानूसवर राग धराना नही.' आणि उठून सायकलचं स्टँड काढलंत.

कामरेजच्या त्या डॉक्टरकडे टेबल असं नव्हतंच. पत्र्याच्या छपराखाली एक लाकडी खोडा, त्यात म्हैस उभी करतात, आणि बाजूला औषधांचं कपाट. डॉक्टर म्हातारे, धोतर खोचलेले, हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले. 'बिलाडी?' ते म्हणाले. 'अहीं तो भेंस आवे छे!' तरी त्यांनी हात धुतले. तुम्ही मांजर बाहेर काढायच्या आधीच सांगून टाकलंत, साहेब, लिंबायतहून आलोय, काखेत गाठ आहे. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, मग नुसत्या हातांनी, काही न घालता, तिची काख चाचपली. मग पोटावरून खालपर्यंत बोटं फिरवली. 'आ पेली गांठ नथी, भाई. आ तो दूधनी गांठ छे.' ही ती गाठ नव्हे, दुधाची आहे, फार पिल्लं झालेल्यांना होते. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही त्यांच्या हातांकडे पाहत होतात.

काढून टाकतो, पण पुन्हा येऊ शकते, असं त्यांनी आधीच सांगितलं. वासरांना देतात त्या गुंगीच्या औषधातलं थेंबभर दिलं, तशी ती माझ्या हातात सैल पडली. पाटावर तिला आडवी केली. डॉक्टर म्हणाले, एकाने पाय धरा. तुम्ही धरायला पुढे आलात, आणि मग भिंतीला टेकलात, आणि मग टेकल्या टेकल्या खाली सरकत बसलात. मला वाटलं चक्कर आली. मी ओरडणार तेवढ्यात डॉक्टरांनी वाकून पाहिलं. तुम्ही झोपला होतात. तोंड किंचित उघडं, रुमाल अजून खांद्यावर. 'सूवा दे एने,' डॉक्टर म्हणाले, झोपू दे त्यांना. मग मी पाय धरले. मी रक्त पाहिलं, ती गाठ बाहेर येताना पाहिली, पिवळट, लहानशी. डोळे मिटले नाहीत मी. टाके घालून झाल्यावर डॉक्टर दुसऱ्या गोठ्यात निघून गेले, मला म्हणाले, दोघं उठेपर्यंत बस इथेच.

मी बसले. एका बाजूला मांजर, जीभ थोडी बाहेर, पोट वरखाली होतंय. दुसऱ्या बाजूला तुम्ही. म्हशी रवंथ करतायत, पत्र्यावर ऊन तापतंय, कुठेही लूमचा आवाज नाही. तुमचा चेहरा मी इतका वेळ कधी पाहिला नव्हता. भुवईत एक बारीक व्रण आहे हे मला त्या दुपारी कळलं. तुमच्या पापण्यांवरचा कापूस मी बोटाने काढला, एकेक तंतू, तुम्हाला जाग येऊ न देता. उन्हं कलली तेव्हा तुम्ही दचकून उठलात आणि पहिलं विचारलंत, 'काय व्हयनं तिले?' मी म्हटलं, 'झालं. मी पाय धरले.' तुम्ही माझ्याकडे जरा वेळ पाहिलंत आणि रुमालाने तोंड पुसलंत.

परत आलो तेव्हा ओट्यावर सगळे जमले होते. तुम्ही मांजरीची भादरलेली काख, टाके दाखवलेत, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलंत. रूममालकांना पटलं नाही. ते तेच म्हणत राहिले. तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, मांजर जाईल त्या दिवशी आम्हीही रूम सोडू. रिकाम्या रूमांच्या कुलपांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि बडबडत निघून गेले. काकू तान्ह्याला कडेवर घेऊन लांबूनच टाके बघत होत्या. 'बाईमाणसाले घालतात तसेच टाके घातले जी,' त्या म्हणाल्या. पोरं मात्र त्यांनी बरेच दिवस आमच्या दाराशी येऊ दिली नाहीत. तुम्ही त्याच संध्याकाळी पुन्हा कामावर गेलात, झोपेचं काय झालं कुणी विचारलं नाही.

गाठ पुन्हा आली, पुढच्या पावसाळ्यानंतर. या वेळी तुम्ही कामरेजला नेलं नाही. तिच्या काखेत बोटं घालून बसलात थोडा वेळ, आणि म्हणालात, राहू द्या तिला आता. तिने खाटेखालीच जीव सोडला. आणि मग काही वर्षांनी तुमची छाती कापसाने भरली, ती पुन्हा मोकळी झालीच नाही. तुमच्या दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांबद्दल मी आज लिहिणार नाही. माझ्यात तेवढा जीव नाही उरलेला.

मुलगी आत झोपलीय, मांजर तिच्या पांघरुणात. रिपोर्ट चांगला येईल असं डॉक्टरीणबाईंना वाटतंय. हे लिहिलेलं कुठे टाकायचं नाही, कणकेच्या डब्याखाली ठेवीन आणि एक दिवस तेही जाईल रद्दीत. पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही, ती सांगते. मला मांजरं आवडत नाहीत, आबा. तेव्हाही आवडत नव्हती. त्यांचा वास, त्यांचे केस, काहीच नाही. त्या सकाळी तुम्ही 'बठ मांगे' म्हणालात, तेव्हा मांजरीचं काय होईल हे माझ्या मनातही नव्हतं. तुम्ही दिवसाउजेडी जागे होतात आणि मला सोबत नेत होतात, एवढंच होतं.