पावणेदोन व्होल्ट

५ जानेवारी १९८१, सोमवार
दुपारी कंपनीतली टाकी ओसंडली. भोंगा वाजलाच नाही! टाकी भरली की पॅनेलमधल्या सर्किटच्या कार्डाच्या एका टोकावर सहा व्होल्ट येतात, तेव्हा भोंगा वाजतो. काट्याच्या मीटरनं पाहिलं – पावणेदोन. म्हणजे कार्ड गेलं. साहेबांनी विचारलं, फरशी कोण धूत होतं? केरू. "पॅनेलमध्ये पाणी गेलं असणार," असं मीच म्हणालो. किती पटकन म्हणालो!

६ जानेवारी
केरूला काढलं. रोजंदारीचा माणूस, चिठ्ठीसुद्धा लागली नाही. फाटकाशी मला म्हणाला, "मी पानी मारलाच नाय, भाऊ." मी घड्याळात बघितलं.

९ जानेवारी
नवं कार्ड बसवलं. टाकी भरल्याचं सोंग करून मोजलं – पावणेदोन! कोरं करकरीत कार्ड! मीटरची रेंज दहावरून पन्नासवर नेली, तर चार. एकाच टोकाची दोन उत्तरं? जेवणाचा डबा न उघडताच घरी परत आणला.

११ जानेवारी, रविवार
जुनं कार्ड पिशवीत घालून एसटीनं पेणला गेलो. हैबतकाकांकडे रेडिओदुरुस्ती शिकलो, त्यांच्यापुढे कार्ड ठेवलं. त्यांच्या व्हॉल्व्हच्या मीटरवर जवळजवळ सहा आले. कार्ड ठणठणीत!

काका चिडलेच. "जनू, मीटर फुकट मोजत नाय. तोपन करंट पितो! माझ्या मीटरचा इनपुट इम्पीडन्स, म्हंजे करंटला अडवायची ताकद, कोटी ओहमच्या वर, तुझ्या मीटरचा त्या रेंजला दोन लाख. कार्डात करंट मुळात नावाला. तुझा मीटर लावलास की व्होल्ट खाली बसणारच. दुखणाईताची नाडी बघायला त्याच्या छातीवर बसलास तू!"

परतीच्या एसटीत गडब गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो. एका माणसाची भाकरी मी काट्यावर विश्वासून घालवली. स्वतःची लाज वाटते.

१२ जानेवारी
साहेबांना सांगितलं – कार्ड चांगलं होतं, पाणी गेलंच नव्हतं. ते म्हणाले, "मग भोंगा का वाजला नाही? कारण आण, केरूला परत घेतो."

१३ जानेवारी
कारण सापडत नाही.

१४ जानेवारी
सुटल्यावर नदीकाठी केरूच्या वाडीवर गेलो. तो लाकडं तोडायला गेलेला. त्याची बायको पारी उंबऱ्यात होती, आत ये म्हणाली नाही. अंधार पडताना केरू आला. त्या दिवशी नेमकं काय झालं ते पुन्हा विचारलं. रागावला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, "पॅनेल उघडा व्हता. तुमचा मीटर तारांना लावलेला, तुम्ही जेवायला गेलेले. मीटर भिजंल म्हून त्या अंगाला पानी नेलाच नाय मी."

१५ जानेवारी
सकाळी मोजायला लावलेला मीटर मी काढलाच नव्हता. टाकी भरली तेव्हा तो कार्डावरच होता. सहाचे पावणेदोन त्यानं केले. भोंगा माझ्यामुळे वाजला नाही.

साहेबांनी विचारलं, "सापडलं का कारण?"

नाही म्हणालो.