आरोहीचं न केलेलं वजन

११ नोव्हेंबर, मंगळवार
वजनाचा दिवस. अंगणवाडीत सकाळपासून बायकांची रांग. पाय भरून आलेत.
कोमल सगळ्यात शेवटी आली, कामावर जायच्या घाईत. औरंगपुऱ्यात साडीच्या दुकानात असते. नवरा सेंट्रिंगच्या कामाला बाहेरगावी. पोरगी आरोही, चौदा महिन्यांची. वजन ७.१ किलो. मागच्या महिन्यात ७.१, त्याच्या मागच्यातही ७.१. वाढीच्या तक्त्यावर पिवळ्या रंगात, लालच्या काठावर.
दिवसभर काय खाते विचारलं. म्हणाली, "सासूबाई बघत्यात. चहाबिस्कीट खाती. दुसरं काय तोंडात घेत नाय."
मग मी बोलले. "ओठ रंगवायला टाइम भेटतो, लेकराला चारायला नाय भेटत व्हय?"
दहा-बारा बायका होत्या. दोघीतिघी हसल्या. कोमलनं पोरीला टोपी घातली नि गेली. आहाराची पाकिटं टेबलावरच राहिली.

१२ नोव्हेंबर, बुध
शोभा, आमची मदतनीस, खिचडीचं पातेलं घासता घासता म्हणाली, "ताई, दुकानात तसं नटूनच यावं लागतं म्हणं. नायतर मालकीण काउंटरला उभं करत नाय."
मला माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं.
मी या नोकरीला लागले तेव्हा माझी प्रज्ञा नऊ महिन्यांची. शेजारणीकडं ठेवून ट्रेनिंगला जायची. तेव्हा मला कुणी चारचौघींत असं बोललं असतं तर...

२४ नोव्हेंबर, सोम
पाकिटं घेऊन कोमलच्या घरी गेले. दारात सासू. त्यांना एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही. म्हणाल्या, "झोपलीय पोरगी." आतून रडायचा आवाज येत होता. त्याच ओशाळल्या. "बाई, सून म्हणाली तिकडं न्यायचं नाय. मी काय करू सांगा."
पाकिटं देऊन आले. कालवणात तेल जास्त घाला, एवढंच सांगितलं.
रविवारी कोमल घरी असते. तेव्हा जाऊन माफी मागायची.

३० नोव्हेंबर, रवि
गेले नाही. कपडे होते, पाहुणे आले, हे सगळं खरं. पण गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले, हेही खरं. तिच्या आईच्या वयाची मी. काय म्हणून तोंड उघडायचं?

९ डिसेंबर, मंगळ
वजनं झाली. एकटी आरोही राहिली. शोभाला दोनदा पाठवलं. दार बंद.

११ डिसेंबर, गुरु
सुपरवायझर मॅडमचा फोन. "तुमच्या अंगणवाडीचं एक वजन बाकी दिसतंय. तुमच्या एकटीमुळं माझं सगळं अडकलंय. आज भरून टाका."
भरलं. ७.३.
७.१ टाकलं असतं तर चौथ्यांदा तेच का, म्हणून विचारणा झाली असती. दोनशे ग्रॅम वाढवले. मोबाइलवर हिरवी खूण आली.
उद्या घरी जाऊन खरं वजन करते नि दुरुस्त करते.

१८ डिसेंबर, गुरु
गेलेच नाही. आधी सर्व्हे, मग मीटिंग. आठवडा तसाच गेला.
आज डॉक्टर तपासणीला आले. लाल रंगातली लेकरं, आणि ज्यांचं वजन तीन-चार महिने हललंच नाही ती. यादी मोबाइलवरनंच निघते. पाच नावं. आरोहीचं नाही. तिचं तर वाढलंय. मीच वाढवलंय.
निघताना डॉक्टरांनी विचारलं, "अजून कुणी आहे का, ताई? यादीत नसलेलं?"
नाही म्हणाले.
का म्हणाले? तिथनं कोमलचं घर पाच मिनिटांवर. सासूबाईंच्या हातापाया पडून पोरीला उचलून आणता आलं असतं.

२७ डिसेंबर, शनि
सकाळी साडेदहाला कोमलच्या सासूबाई स्वतःच आल्या, पोरीला गोधडीत गुंडाळून. भिंतीला हात लावत लावत आल्या. "बाई, आठ दिस झाले, जुलाब थांबंना. सुनेला सांगून आले नाय."
काट्यावर ठेवली. ६.३. काटा पुसला, परत ठेवली. ६.३. दंडाला मापाची पट्टी लावली, तर लाल. मांडीची कातडी सैल. रडतही नव्हती, नुसती बघत होती.
कोमलला दुकानात फोन केला. तशीच आली. रिक्षानं सरकारी दवाखान्यात नेलं. आमच्या हर्सूलपासून तिथपर्यंत कोमल एकदाच बोलली, "सुई लावतील का?" मी म्हणाले, लावली तर बऱ्यासाठीच. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.
कुपोषित लेकरांचा वेगळा वॉर्ड आहे, तिथं ॲडमिट केलं. चौदा दिवस तरी म्हणाले. आईनं सोबत राहायचं.

२९ डिसेंबर, सोम
वॉर्डात गेले. जुलाब कमी आहेत. वाटीनं दूध घेते, दर दोन तासांनी.
कोमलला दुकानातनं निरोप आलाय, आता येऊ नको.
डॉक्टरीणबाईंनी आधीची वजनं विचारली. मोबाइल पुढं केला. त्या म्हणाल्या, "सोळा दिवसांत एक किलो गेलं?" आणि तसंच कागदावर उतरवलं.
कोमल शेजारीच होती. तिनं सासूकडं वळून म्हटलं, "ऐकलं का? चांगली वाढत होती. तुमच्या हातात दिली नि किलोभर घालवलं तुम्ही." सासूबाई उठल्या. डोळ्यांना पदर लावून बाहेर जाऊन बसल्या.
आणि मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. तोंड उघडलं नाही. ११ तारखेला खोटं लिहिलं ते एकवेळ भीतीनं. आज कशानं?

३१ डिसेंबर, बुध
मॅडमना ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लोटलं. म्हणाल्या, "जुलाबानं घटलं, असंच राहू द्या. असं होतंच लेकरांचं. तुम्ही उकरून काढलं तर सगळ्यांचीच वजनं तपासतील."
मी म्हणाले, मॅडम, म्हातारीवर आळ आलाय.
"त्यांच्या घरातलं ते. दोन दिवसांत मिटंल."
अर्ज लिहून नेला होता. ११ डिसेंबरचं वजन मी प्रत्यक्ष केलेलं नाही, मनानं भरलं. खाली सही. त्यांनी वाचला, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. पोच मागितली. "बघू" म्हणाल्या.
माझं काय होईल माहीत नाही. अठरा वर्षांची नोकरी. प्रज्ञाला अजून सांगितलं नाही.

२ जानेवारी, शुक्र
आज दवाखान्यात सांगितलं.
आधी डॉक्टरीणबाईंना. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ही सोळा दिवसांत घटलेली नाही. दीड महिना घटतीय." मी हो म्हणाले. त्यांनी आधीचं खोडलं, नवीन लिहिलं. 
मग कोमलला. पलंगाशी उभं राहूनच सांगितलं. त्या दिवशी बायकांत बोलले त्याचंही. बरंच पाठ करून गेले होते, पण निम्मं विसरले.
तिनं मोबाइल मागितला. ११ डिसेंबरच्या आकड्यावर बोट ठेवलं.
"मग हे सात तीन कुणाचं वजन?"
"कुणाचंच नाही."
"आणि मी सासूबाईंना..." एवढंच म्हणाली.
मोबाइल परत दिला. सासूबाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या. चार दिवस दोघींत बोलणं नाही, असं सिस्टरनं सांगितलं होतं. कोमल उठली, आरोहीला पलंगावर भिंतीकडच्या बाजूला निजवलं, कडेला उशी लावली. सिस्टर पलीकडच्या टोकाला होत्या, त्यांना हाक मारून म्हणाली, "सिस्टर, दोन मिनिटं लक्ष ठेवा हिच्याकडं."
मी हातभर अंतरावर उभी होते.
ती बाहेर गेली. खिडकीतनं दोघींच्या पाठी दिसत होत्या, शेजारी शेजारी. बोलत होत्या की नाही, कळलं नाही.
सिस्टर आल्या, वजनाची वेळ झाली म्हणाल्या. त्यांनी आरोहीला काट्यावर ठेवलं, मी नुसतं बघितलं. ६.५.
कोमल आत यायच्या आधी निघाले.