आखाजीचं बोलावणं आणि बंद पोर्ट

१० एप्रिल
अक्काला मेल करून दोन दिवस झाले, उत्तर नाही. श्रावणात आईच्या अस्थी चांगदेवला सोडताना ती धुळ्याहून येईपर्यंत मी थांबलो नाही. तेव्हापासून माझा फोन घेत नाही. माझ्या सर्व्हरवरचा मेलचा पत्ताही सोडला, फुकटवाल्या मोठ्या कंपनीकडे गेली. अक्षय तृतीयेला, आमच्या आखाजीला, नसेल यायचं माहेरी तर राहू दे. पण आईच्या नावानं पितरांची पहिली घागर भरायची आहे यंदा. दरवर्षी बोलावणं आई धाडायची.

१३ एप्रिल
सुनंदा मेथी निवडता निवडता म्हणाली, बहिणीला आणायला भावानं स्वतः जायचं असतं, मेल कसली करता? म्हटलं, पंधरा वर्षं स्वतःचा मेल सर्व्हर चालवतोय, त्याची काही किंमत? तिनं लोणच्याच्या बरण्यांशेजारच्या सर्व्हरच्या डब्याकडे पाहिलं नि पुढची जुडी सोडली.

१७ एप्रिल
सर्व्हरचा लॉग उघडला. थोबाडीत बसली. फेब्रुवारीत नवं फायबर घेतल्यापासून बाहेर एकही मेल गेलेली नाही. येणाऱ्या येतात, जाणाऱ्या रांगेत पडून. पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर जायचं दार, बंद. 'मेल गेली नाही' हे इशारे कटकट म्हणून मीच बंद केलेले. नेहमीच्या पाच दिवसांऐवजी दोन महिने रांगेत धरून ठेव, हेही मीच सांगितलेलं. अतिशहाणा!
म्हणजे अक्काला बोलावणं पोचलंच नाही, आणि मी तिच्यावर फुगून बसलोय.
रांगेतली मेल वाचली. "आखाजी ३० ला आहे. यायचं असेल तर ये." एवढंच. लाज वाटली. काढून टाकायची. उद्या.

१९ एप्रिल
फायबरवाल्यांचं कस्टमर केअर. "सर, नेट चालू आहे ना?" चालू आहे. "मग प्रॉब्लेम काय आहे सर?" चार वेळा सांगितलं. घरगुती कनेक्शनला ते पोर्ट बंदच ठेवतात, स्पॅम जातो म्हणून. अर्ज करा म्हणे. केला.

२३ एप्रिल
भर उन्हात त्यांच्या ऑफिसात. "काका, घरात सर्व्हर कशाला? सगळं फुकट मिळतं आता." अर्ज वर गेलाय म्हणे. वर म्हणजे कुठे, कुणाला ठाऊक नाही. कंटाळा आला या सगळ्याचा.

२६ एप्रिल
भाऊजींचा फोन, अक्काच्या नकळत. "रोज सकाळी चहाआधी मेल उघडून बघते. बोलत काही नाही." फोन ठेवून धुळ्याच्या बसची वेळ पाहून ठेवली.

२९ एप्रिल
सकाळच्या बसनं धुळे. अक्का गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. म्हटलं, अक्का, न्यायला आलोय. अस्थींचं चुकलं माझं. बराच वेळ हातातलं काम सोडलं नाही तिनं. मग म्हणाली, "कुरडया वाळू दे. तू जाय. मी सकायले येसू."
परतताना बसमध्ये रडू आलं. कुणी पाहिलं असेल तर पाहो.

संध्याकाळी ७. घरी आलो. सुनंदानं सांजोऱ्यांचं सारण करायला घेतलंय. सहज लॉग पाहिला. दुपारी पोर्ट उघडलंय. अर्ज मंजूर. रांग रिकामी, सगळ्या मेल गेल्या.
तीही. "यायचं असेल तर ये."
भाऊजींना फोन लावला, उचलत नाहीत. अक्काला लावू? काय सांगू, उद्या मेल उघडू नकोस? सुनंदा विचारतेय, सांजोऱ्या अक्काच्या धरून करू ना. हो म्हटलं.