फिरते लाल बाटले

प्रिय देवेश,

राग आला की मी बोलते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. आज बोलायला गेले तर आवाजच फुटेना. म्हणून लिहिते आहे.

मागच्या वर्षी आपल्या मागच्या गल्लीतलं कापडाचं गोदाम जळालं, तेव्हापासून मी महापालिकेच्या दारात उभी आहे. प्रत्येक गाळा तपासा, आग विझवायची सोय नसेल तिथे टाळं लावा, असं चौकाचौकात ओरडून घसा फोडला. अखेर मोहीम सुरू झाली. अग्निशमन दलाचे साहेब गाळ्यागाळ्यांतून फिरू लागले आणि नागरिकांतर्फे मलाही सोबत घेतलं. सुरुवात माझ्या भावाच्या गाळ्यापासून करा, हा हट्ट माझाच. काल सकाळी तुझ्या भिंतीवर ओळीने टांगलेले ते आग विझवायचे लाल बाटले पाहून काय अभिमान वाटला म्हणून सांगू! दसऱ्याला मीच त्यांची पूजा केली होती. मोठ्या बाटल्यावर ओल्या कुंकवाने 'श्री' काढताना वेलांटी पार खालपर्यंत ओघळली, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, "ताईचं भाषण वाघिणीचं, अक्षर मात्र कोंबडीचं!" साहेबांनी बाटले मोजले, मान डोलावली. मी लगेच बाहेर जमलेल्या मालकांना सुनावलं, शिका माझ्या भावाकडून.

दुपारी आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका यंत्रमागाच्या कारखान्यात गेलो. मालक वेगळा, भिंत वेगळी. आणि त्या भिंतीवरच्या बाटल्यावर माझा ओघळलेला 'श्री'.

मी बोट लावून पाहिलं. कुंकू बोटाला आलं. साहेब आत वायरिंग बघत होते. मी दाराबाहेर आले, तर तिथे टेम्पो उभा. चालकाला वाटलं, मी मालकाकडचीच बाई. म्हणाला, "मॅडम, ज़रा जल्दी करवाओ ना. अभी तीन गाले और बाकी हैं." कोणाचे आहेत हे बाटले, मी विचारलं. "देवेशसेठ के. चेकिंग के टाइम भाड़े पे घूमते हैं. अंदर से खाली हैं, तो उठाने में भी हलके." त्याच्यावर राग काढू नकोस. तो चोरी सांगत नव्हता, रोजचं काम सांगत होता. मला धक्का बसला तो त्याच्या त्या साध्या सुराचा.

रिकामे, देवेश! भिंतीवर होते तेव्हाही रिकामेच! लोभावर मी किती पुस्तकं वाचली, किती व्यासपीठं गाजवली. पण लोभी माणूस डोळ्यांसमोर आणला की तो नेहमी परका असायचा. त्याला आपल्या आईचं नाक, आपल्या आईचं हसू कधीच नसायचं.

माझ्याकडे धुणीभांडी करणाऱ्या आनंदीबाईची मुलगी मेघाली तुझ्या माळ्यावर कपड्यांच्या घड्या घालते. तिला कामाला पाठवायला आनंदीबाई तयार नव्हती. म्हणाली होती, "ताय, वर जायला येकच जिना हाय. आग लागली तं पोरी कुठशी उतरतील?" मी हसून म्हटलं, अगं, माझ्या भावाचा गाळा आहे तो. दुसऱ्याच दिवशी तिने पोरीला डबा देऊन पाठवली. त्या माळ्याखाली रचलेले कापडाचे तागे कालपासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आज सकाळी मी साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. संध्याकाळी तुझ्या गाळ्याला सील लागेल. साहेब चांगला माणूस. म्हणाले, "ताई, तक्रार करणाऱ्याचं नाव आम्ही बाहेर जाऊ देत नाही." मी म्हटलं, जाऊ द्या. नाव झाकलं तर तू पहिला संशय माळ्यावरच्या पोरींवर घेशील आणि मेघालीला हाकलशील. तुला मी ओळखते. निदान कालपर्यंत ओळखत होते. म्हणून हे पत्र सील लागायच्या आत तुझ्या हातात पडावं, एवढीच धडपड. त्या पोरी काही बोलल्या नाहीत. बोलले मी. गाळा बंद असेपर्यंत त्यांचा पगार थांबवू नकोस. आणि भाऊबीजेला मी येणार आहे. दार लावून घेतलंस तर ताट घेऊन पायरीवर बसेन.

तुझीच,
मृणालीताई