ओला मोजा आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याऐंशी, पूर्वी शिपाई, नंतर आणि अजूनही चित्रकार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मुलाने तो दोनदा वाचला. यापूर्वीची मृत्युपत्रे मी रागाच्या भरात लिहिली होती, ती रद्द समजावीत. हेही रागातच लिहिले आहे, पण विचार करून.

१. राहते घर स्वकष्टार्जित आहे, ते मुलाला द्यावे. गळके छप्पर आणि शेजाऱ्याशी भिंतीवरून चाललेले भांडण घरासोबतच जाईल. दोन्ही मी निगुतीने राखली आहेत.

२. बँकेतली शिल्लक मुलीला. तिने कधी मागितली नाही, म्हणून.

३. युद्धात माझे काम गाड्यांवर झाडपाल्याचे रंग फासण्याचे होते, म्हणजे शत्रूला त्या दिसू नयेत. युद्ध संपल्यावर सरकारने बंदूक परत घेतली, ब्रश मागायला मात्र विसरले. त्या ब्रशावर माझे पुढचे आयुष्य निघाले. ब्रश व ईझल मी माझ्या चित्रांना चौकटी करणाऱ्या समोरच्या चौकटवाल्याला देणार होतो. पण वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. हे ऐकताच चौकटवाला म्हणाला, "मग मी साक्षीदारच होतो. दुकानात जागा नाही हो!" सबब हे सामान नातीला.

४. पदके दोन. वाऱ्याने पडदा उडू नये म्हणून ती पडद्याच्या खालच्या काठाला शिवली आहेत. तिथेच राहू द्यावीत. एवढे उपयोगी काम त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते.

५. माझ्या युद्धचित्रात 'रक्त कमी पडले' असे वर्तमानपत्रात छापणाऱ्या समीक्षकास लाल रंगाची एक न फोडलेली ट्यूब. कमी पडेल तिथे त्यांनी ती स्वतः पिळावी.

६. आता मुख्य मालमत्ता, म्हणजे ते भिंतभर युद्धचित्र. सकाळची वेळ, टेकडीवर आमची तुकडी बसली आहे. कोणी दाढी करतो आहे, कोणी शर्टातल्या उवा शोधतो आहे, आणि मधोमध आमचा सोबती लांब्या उभा राहून ओला मोजा वाऱ्यावर उंच धरून वाळवतो आहे. नगरमंडळाच्या अध्यक्षांना हे चित्र सभागृहात हवे आहे. एका अटीवर.

"आजोबा, हात वर आहेच. मोज्याच्या जागी झेंडा करून टाका. एवढासा."

"हातात मोजा होता."

"अहो, लोकांना स्फूर्ती मिळायला हवी!"

"मग त्यांना कोरडे मोजे वाटा."

अध्यक्ष हसले आणि मुलाकडे वळले. मुलगा त्यांना हळूच म्हणाला, "बाबांच्या मागे बघू." मला कमी ऐकू येते, पण ते 'बघू' स्वच्छ ऐकू आले. म्हणून हा सारा खटाटोप.

वारसांनो, नीट ऐका. लांब्या त्याच दुपारी गेला. मोजा तोवर वाळला नव्हता. ज्यांनी त्याला त्या टेकडीवर धाडले, त्यांनी नंतर हवे तेवढे झेंडे उभारले, हवी तेवढी भाषणे ठोकली. त्याच्या हातात स्वतःचे म्हणावे असे एवढेच होते. आता तेही हिसकावून घ्यायचे? आणि कशासाठी, तर पुढची पोरे हसत हसत तिकडे जावीत म्हणून? माझ्या हयातीत हे होणार नाही, आणि माझ्या पश्चात तर मुळीच नाही!

७. सबब हे चित्र मी सूनबाईला देत आहे. तीस वर्षे आम्ही दोघे एकाच घरात भांडत आलो. तिने माझे रंगाचे डबे स्वयंपाकघरातून हाकलले, ते पुन्हा उंबरा ओलांडू शकले नाहीत. तिच्यापुढे माझे चालले नाही, तिच्या नवऱ्याचे चालत नाही, तिथे अध्यक्ष कोण लागून गेले!

हे कलम तिला वाचून दाखवले, तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मला नाही आवडत ते चित्र. उवा काय, मोजे काय!"

"आवडून घेऊ नकोस. सांभाळ फक्त."

"आणि ते अध्यक्ष आले की मी तुमच्यासारखी भाषणं करायची? मला नाही जमायचं, बाबा."

"मग काय करशील?"

"'नाही' म्हणेन आणि दार लावून घेईन."

युद्धाविरुद्ध मी आयुष्यभर सभा गाजवल्या. इतके चांगले भाषण मला एकदाही जमले नाही.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. (सही) समोरच्या दुकानातला चौकटवाला
२. (सही) दाखला देणारे डॉक्टर

स्थळ: माझी चित्रशाळा
दिनांक: १७ फेब्रुवारी, मंगळवार