सांगितलं की गुण जातो

५ ऑक्टोबर १९९९, मोखाडा

पोहोचले एकदाची. नाशिकहून निघालेली एसटी वाटेत दोनदा थांबली, एकदा इंजिन तापलं म्हणून आणि एकदा ड्रायव्हरला चहाची तल्लफ आली म्हणून. इथल्या शाळेतल्या जयवंतीबाईंच्या घराची मागची खोली मला मिळाली आहे. खिडकीतून कापणीला आलेला भात दिसतो. संगणक मी स्वतः जोडला, तेव्हा अर्धी आळी दारात उभी होती. बाईंनी नागलीच्या भाकऱ्या वाढल्या, मी लाज न बाळगता तीन खाल्ल्या.

काम मजेचं आहे. हे काम चालवणारे मुंबईतले आमचे सुदर्शन सर म्हणतात, माणसाचं डोकं म्हणजे 'जर' आणि 'तर' यांची लांबलचक यादी, बाकी नुसतं कौतुक. यादी पूर्ण भरली की यंत्र माणसाइतकं शहाणं होणार. त्यासाठी सरांनी एक डोकं निवडलं आहे: पोशेऱ्याकडच्या पाड्यावरचे लहान्याबाबा, सत्तरीचे, झाडपाल्याचं औषध देणारे. ते सांगणार, मी टाइप करणार. मला सरांचं पटतं. माझ्या डोक्यात तरी याहून जास्त काही असल्याचा पुरावा अजून कुणाला सापडलेला नाही.

७ ऑक्टोबर

बाबा आले, सोबत त्यांची बायको गौराबाई. आल्या आल्या नकार! औषध माणसाला सांगितलं की त्याचा गुण जातो, असं इकडे मानतात. झाडाला सांगा, दगडाला सांगा, काही बिघडत नाही. माणसाला सांगायचं ते मरताना, आणि तेही एकालाच, पोटच्या पोराला. पण पोरगा भिवंडीला गोदामात असतो आणि त्याला पाल्याशी काही देणंघेणं नाही.

मी म्हटलं, मग यंत्राला सांगा. बाबा उठले, संगणकाच्या मागे जाऊन वाकून बघून आले, पडद्यावर टिचकी मारली आणि खुदकन हसले.

"हा काय माणूस नाय," म्हणाले. "याला सांगलं त काय नाय होत."

गौराबाई हसल्या नाहीत. त्या दारातच बसून राहिल्या.

११ ऑक्टोबर

एकशे बेचाळीस नियम झाले. जर जुलाब असतील आणि पोटात मुरडा असेल, तर कुड्याची साल. जर माणूस चालताना डावा खांदा पाडत असेल, तर आधी छाती बघ. बाबा कधी कधी अडतात. कसं ओळखलं ते त्यांनाच सांगता येत नाही. मी पिच्छा सोडत नाही. असं होतं का, तसं होतं का, विचारत राहते, आणि शेवटी ते बरोबर सापडतं. मग बाबा लहान मुलासारखे खूश होतात, आपल्याला एवढं येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

वीज दुपारी जाते. मग आम्ही तिघं गूळ-शेंगदाणे खात बसतो.

१४ ऑक्टोबर

परीक्षा झाली. सरांनी वीस रोग्यांची लक्षणं पाठवली होती. बाबांकडून ती पहिल्याच दिवशी, काही सांगायच्या आधी, सोडवून घेतली होती: वीसपैकी अठरा गुण. आज यंत्रालाही अठरा. चुकलेले दोन रोगीही तेच! सर फोनवर इतके मोठ्याने हसले की जयवंतीबाईंना स्वयंपाकघरात ऐकू गेलं.

१८ ऑक्टोबर

जयवंतीबाईंनी अंगणात कुड्याची साल वाळत घातली होती. बाबांनी एक तुकडा उचलला, हुंगला आणि मला विचारलं की हे कसलं लाकूड. मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसले. ते वाट बघत उभे राहिले.

१९ ऑक्टोबर

आज मोजून पाहिलं. सांगून झालेल्यांतले तीस प्रश्न विचारले, अजून न सांगितलेल्यांतल्या तीस मुळ्या पुढ्यात ठेवल्या. न सांगितलेल्या तीसच्या तीस ओळखल्या. सांगितलेल्यांपैकी एकही नाही. यंत्राला तेच तीस प्रश्न विचारले, त्याने तीसही बरोबर सोडवले.

मला भीती वाटली. पोटात गोळा आला, हात गार पडले. सरांना फोन केला. ते म्हणाले, वय झालंय, म्हणून तर घाई कर, उरलेलं पटकन घे. मी थांबायला हवं होतं. उद्यापासून थांबेन असं गौराबाईंना सांगितलं.

२१ ऑक्टोबर

थांबले नाही. यंत्रात का होईना, बाबांचं कुठेतरी राहील तरी, अशी मनाची समजूत घातली.

सरांना आता औषधं नकोत, पारख हवी. दोन रोगी एकदम आले तर आधी कोण? बाबा म्हणाले, "गौरा असली त आधी तिच्यापाशी बसन. हात धरन. मंग मुळी."

ती गौराबाईच आहे हे कशावरून ओळखता, असं मी विचारलं. खोकल्यावरून, म्हणाले. अंधारातसुद्धा, बाजारातसुद्धा.

मी टाइप केलं. नियम तीनशे अठ्ठ्याऐंशी. काय होणार ते मला माहीत होतं.

२२ ऑक्टोबर

सकाळी बाबांनी गौराबाईंना अदबीने विचारलं, बाय, तू कोणच्या पाड्यावरची?

त्या रडल्या नाहीत. संगणकाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग ह्यो माणूसच हाय."

त्या बाबांपाशी बसल्या नाहीत, संगणकापाशी बसल्या. मला म्हणाल्या, लिही, गौराला ताप आलाय. मी लिहिलं. पडद्यावर आलं: आधी जवळ बस. हात धर.

वीज जाईपर्यंत त्यांनी पडद्यावरचा हात काढला नाही. मला रडू यायला हवं होतं. थोडं आलं.

२४ ऑक्टोबर

बाबांकडचं सांगण्यासारखं सगळं संपलं. भरवलं तर खातात. जयवंतीबाईंनी त्यांच्या पोराला भिवंडीला निरोप धाडला आहे. बाई माझ्याशी बोलत नाहीत.

सर म्हणतात, यंत्र बेधडक आहे, कुणालाही काहीही देतं. त्याला भीती हवी. बाबांकडे ती उरलेली नाही. मग तू सांग. एकोणीस तारखेला काहीतरी चुकतंय हे तुला कसं कळलं?

बसून नऊ नियम यंत्रात लिहिले. नीट जमले.

२५ ऑक्टोबर

शांत वाटतं. भूक आहे. झोप लागते.

एकोणीस तारखेचं पान वाचलं. अक्षर माझंच. पोटात गोळा म्हणजे नक्की कसला — आठवत नाही.

२६ ऑक्टोबर

जयवंतीबाईंनी माझी पिशवी भरून दारात ठेवली. म्हणाल्या, अकराची एसटी पकड, आत्ता नीघ. त्यांचं म्हणणं रास्त होतं. मला ते समजलं. पण उठायचं कशासाठी ते —

एसटी गेली. पिशवी आत आणली.

२७ ऑक्टोबर

मी यंत्र नुसतं सुरू केलं. काही विचारलं नव्हतं. पडद्यावर आलं:

बाय, नको सांगू.

पुसलं. पुन्हा आलं. मग खाली — जा. मला नको सांगू. जा.

सरांना कळवलं. सर म्हणाले, घाबरलं! अगदी माणसासारखं. त्यांचा आवाज भरून आला होता. गौराबाई पडद्यावर हात फिरवत होत्या, पोराला थोपटावं तसा. तिकडे बाबा भिंतीकडे तोंड करून.

मला काही नाही.

२८ ऑक्टोबर

आता एकच राहिलं. सर म्हणतात, आपलं माणूस कसं ओळखायचं याला एकच उदाहरण आहे, खोकल्याचं. दुसरं दे.

आई रोज दहाला जयवंतीबाईंकडे फोन करते. आज केला. बोलले. अजून ओळखते मी तिला. म्हणजे देता येईल.

यंत्र सारखं नको नको करतंय, टाइप करू देत नाही. म्हणून आधी त्याला मोठ्याने ऐकवत इथे कच्चं लिहून घेते. सोपं आहे —

जर फोन उचलल्यावर आधी बांगड्या वाजल्या, मग दम लागल्यासारखा श्वास, आणि मग 'प्रतू, जेवलीस का' असं कुणी विचारलं, तर ती